कपाशीच्या मुलखातील शृंगार

परळी तालुक्यातील सिरसाळा ज्या काळ्या, कपाशीच्या मुलखात वसले आहे, त्या गोदाखोऱ्याच्या इतिहासासाठी आपण सनदा, इनामपत्रे आणि जमाबंदीची दफ्तरे धुंडाळतो; परंतु या खोऱ्यातील माणसांच्या अंतःकरणाचा जुना दाखला हवा असेल, तर पैठणच्या सातवाहन कुळातील हाल राजाच्या नावावर चालत आलेल्या ‘गाथासप्तशती’कडेच वळावे लागते.

महाराष्ट्री प्राकृतातील या सुमारे ७०० गाथांत राजे थोडे. नांगर धरणारा हालिक, त्याची सून, गावचा ग्रामणी, वाटसरू आणि पाणपोईवरील तरुणी यांचीच वर्दळ अधिक. यांतील गावे बहुधा निनावी असल्यामुळे सिरसाळ्यासारख्या कोणत्याही गावाला त्यांत आपले शिवार ओळखता यावे. कपाशीच्या पेरणीपूर्वी नांगराची पूजा करताना एका स्त्रीचे हात थरथरतात, कारण उद्या वाढणाऱ्या त्या पिकाच्या आडोशाचे मनोरथ तिने आजच रचलेले असतात. आणि पीक कापले जाऊ लागले, की अशीच दुसरी कोणी खिन्न होते. जी सुगी महसुलाच्या हिशेबी जमेची बाजू, तीच प्रेमिकांच्या खाती तूट ठरावी, हा विरोध या कवींनी नेमका हेरला आणि भावनेला ऋतू व श्रम यांच्याशी कायमचे बांधून टाकले.

हे सारे सांगितले जाते ते मात्र आडवळणाने. गोदाकाठच्या कुंजात फुले वेचण्यास येणाऱ्या धार्मिकाला एक चतुर स्त्री सांगते, की तुला भिवविणाऱ्या कुत्र्याला तिथल्या सिंहाने मारले, आता निर्धास्त हिंड! वाच्यार्थ अनुज्ञेचा, व्यंग्यार्थ निषेधाचा; संकेतस्थळ निर्वेध राखण्याची ही युक्ती नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचे, म्हणजे सूचित अर्थाचे, उदाहरण म्हणून मांडली.

जर्मन संस्कृतपंडित वेबरने १८८१ मध्ये जर्मनीत या संग्रहाची समग्र आवृत्ती काढली, स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तो मराठी वाचकांच्या हाती दिला. तथापि त्याची खरी थोरवी त्याच्या अनुकरणकारानेच मान्य केली आहे: बाराव्या शतकात बंगालच्या लक्ष्मणसेनाच्या दरबारी ‘आर्यासप्तशती’ रचणाऱ्या गोवर्धनाचार्याने, प्राकृतालाच शोभणारा रस आपण बळाने संस्कृतात आणला, अशी कबुली दिली. ग्रामीण शृंगाराला केवळ रांगडा समजणाऱ्या रसिकांनी दरबारी पंडिताची ही साक्ष लक्षात ठेवावी.