मुलांसाठी भूमिकाखेळाची निवड : सुलभीकरणाच्या इतिहासातील काही नोंदी

ज्या खेळात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो, पंच प्रसंगाचे वर्णन करतो आणि अनिश्चित कृतीचा निकाल फाशांवर सोपविला जातो, त्या भूमिकाखेळाची पहिली छापील नियमावली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाली. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे तिचे कर्ते. प्रौढांच्या युद्धक्रीडेतून हा खेळ निघाला असल्यामुळे मुलांचा प्रवेश त्यात मागाहून झाला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या मसुद्याची पहिली चाचणी गायगॅक्स यांनी लेक जिनीव्हा येथील राहत्या घरी, एर्नी व एलिस या स्वतःच्या मुलांना खेळवूनच घेतली होती.

मुलांना तो खेळ साधला, कारण नियम पित्याच्या मुखातून येत होते. तोच खेळ तीन पुस्तिकांत उतरला तेव्हा मात्र, ज्याने तो पूर्वी कोठे पाहिला नाही अशा वाचकास तो दुर्बोध झाला. अडचण नियमांच्या संख्येची कमी आणि त्यांच्या मांडणीची अधिक होती, असे आमचे मत आहे.

या अडचणीवर निरनिराळे उपाय झाले. ॲरिझोनातील केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ रचून चार, आठ, बारा व वीस बाजूंचे फासे वगळले व घरोघरी मिळणाऱ्या सहा बाजूंच्या फाशांवर सारा व्यवहार बसविला. १९७७ मध्ये जे. एरिक होम्स या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांनी मूळ पुस्तिकांचे संपादन करून पहिल्या तीन पातळ्यांपुरते प्रवेशपुस्तक सिद्ध केले. (पुढे फाशांचा तुटवडा पडला तेव्हा त्या पेटीत अंक छापलेल्या कागदी चकत्या घालण्यात आल्या, खेळ अडला नाही, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.)

परंतु मुलांच्या दृष्टीने खरा पालट १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी केला. त्यांच्या लाल पेटीतील खेळाडूची पुस्तिका नियम सांगत बसत नाही. ती वाचकाला एकदम एका गुहेत नेते. तेथे अलीना नावाची साह्यकर्ती भेटते व बार्गल नामक मांत्रिकाच्या हातून मारली जाते. ज्या नियमाची गरज पडेल तेवढाच तेथल्या तेथे सांगितला जातो. एकट्याने खेळावयाची कथा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’साठी १९७६ मध्येच निघाली होती, तिचा शिक्षणासाठी असा पद्धतशीर उपयोग ही मेंट्झर यांची कामगिरी होय. अलीनेच्या मृत्यूने कित्येक मुले हळहळली, आणि हळहळताना फासे टाकावयास शिकली.

तथापि या पेटीवरील वयोमर्यादा दहा वर्षे व पुढे अशी होती. त्याहून लहान मुलांसाठी २०१२ चा ‘हीरो किड्स’ हा खेळ चार ते दहा या वयास उद्देशून निघाला, आणि त्याने पुन्हा सहा बाजूंचाच फासा पत्करला. त्या वयात नियम वाचणारा बहुधा पालकच असतो. म्हणून खेळ निवडताना नियमावली किती पानांची आहे हे न पाहता, मूल समोर बसले असता पुस्तक न उघडता किती वेळ खेळता येते, हे पाहावे.