संकुचित ध्वनीतील उच्च कंप्रतांचे पुनःस्थापन

ध्वनी साठविताना किंवा दूर पाठविताना जागा व खर्च वाचविण्यासाठी त्यातील उच्च कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या मोठी असलेला) भाग पुष्कळदा वगळला जातो. उरलेल्या नीच कंप्रतांच्या आधारे तो भाग ग्राहीमध्ये पुन्हा निर्माण करण्याच्या क्रियेस उच्च कंप्रतांचे पुनःस्थापन म्हणतात. ध्वनीच्या बदलत्या स्वरूपानुसार ही क्रियाही क्षणोक्षणी बदलत असल्यास तिला अनुयोजी म्हणतात. ‘पुनःस्थापन’ ही संज्ञा रूढ असली, तरी काहीशी फसवी आहे. एकदा टाकून दिलेला भाग परत मिळत नाही. त्याच्या जागी कानाला पटेल असा दुसरा भाग घडविला जातो. या तंत्राचा इतिहास म्हणजे हा घडविलेला भाग मुळाच्या किती जवळ नेता येतो, याच्या शोधाचा इतिहास होय.

या प्रश्नाचा उगम दूरध्वनीत आहे. निरोगी तरुण कानास सु. २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर पारंपरिक दूरध्वनीत ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेला जाई. ‘स’सारख्या व्यंजनाची बरीचशी ऊर्जा या मर्यादेच्या वर असल्याने ‘स’ आणि ‘फ’ यांत घोटाळा होतो व अनोळखी नावे एकेक अक्षर फोडून सांगावी लागतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी १९३०–४० या दशकात व्होकोडर हे उपकरण तयार केले. वाणीचे तरंगरूप जसेच्या तसे न पाठविता निरनिराळ्या कंप्रतापट्ट्यांतील तिची तीव्रता तेवढी पाठवायची व दुसऱ्या टोकास त्यावरून वाणी रचायची, हे त्याचे तत्त्व. त्याच प्रयोगशाळेतील मान्फ्रेड श्रोडर व एडवर्ड डेव्हिड यांनी १९६० मध्ये १० किलोहर्ट्झपर्यंतची वाणी ३.५ किलोहर्ट्झच्या मार्गावरून पाठविण्याची योजना प्रसिद्ध केली. उच्च पट्टा न पाठविता रचण्याच्या पुढील बहुतेक पद्धतींचे बीज येथे आढळते.

बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७२ मध्ये प्रक्षेपणात ऐकविल्या जाणाऱ्या दूरध्वनी-संभाषणांची प्रत सुधारण्याचे प्रयत्न केले. जॉन माकूल व मायकेल बेरूती यांनी १९७९ मध्ये नीच पट्टा आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे उलटवून किंवा सरळ वर सरकवून रिकामी जागा भरण्याच्या रीतींचा अभ्यास मांडला. या रीती स्वस्त होत्या. परंतु उलटविलेले अधिस्वर मूलकंप्रतेच्या पूर्ण पटीत बसत नाहीत व आवाजास धातूसारखी झाक येते. मध्यंतरी १९७५ च्या सुमारास ‘ऑरल एक्सायटर’ हे उपकरण ध्वनिमुद्रणगृहांना मिनिटामागे भाडे आकारून दिले जाऊ लागले. ते काहीच पुनःस्थापित करीत नसे, फक्त नवे अधिस्वर मिसळीत असे. तरीही ते लोकप्रिय झाले. श्रोता चकाकीस भुलतो, हे त्यावरून दिसून आले.

संगीताच्या बाबतीत हा प्रश्न अंकीय संकोचनामुळे तीव्र झाला. सीडीवरील ध्वनीस दर सेकंदास सु. १,४११ किलोबिट लागतात. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या एमपी-३ पद्धतीने तेच काम सु. १२८ किलोबिटांत होऊ लागले. मोठा ध्वनी जवळच्या लहान ध्वनीस झाकतो, या आच्छादन-परिणामाचा तिने उपयोग केला. बिटांची टंचाई झाली की, संकेतक सु. १६,००० हर्ट्झवरील, आणि त्याहून कमी बिटांत त्याच्याही खालचा, भाग सोडून देत. झांजांचा झणत्कार बोथट होई.

यावर खरा तोडगा कोडिंग टेक्नॉलॉजीज या कंपनीतील लार्स लिल्येरीद, मार्टिन डीट्स, क्रिस्टोफर शर्लिंग इत्यादींच्या पट्टप्रतिकृती पद्धतीने निघाला. ही पद्धती २००१ मध्ये एमपी-३ प्रो व २००३ मध्ये एमपीईजी-४ मानकात आली. उच्च कंप्रतांत कान सूक्ष्म रचनेपेक्षा एकूण तीव्रतेची ठेवण अधिक जाणतो, हा तिचा आधार. ग्राही नीच पट्ट्याची नक्कल वर नेतो. प्रेषक मूळ ध्वनी तपासून ती किती तीव्र ठेवावी, तिच्यातील स्वरांश किती बोथट करावा, गोंगाट किती मिसळावा आणि एखादा सुटा स्वर कोठे घालावा, याच्या सूचना दर सेकंदास अवघ्या काही किलोबिटांत पाठवितो. मूळ ध्वनी पाहिलेला साक्षीदार सोबत असणे, हेच या पद्धतीचे बळ. डिजिटल रेडिओ माँदियाल या प्रक्षेपण-प्रणालीतही ती वापरली गेली. भारतात आकाशवाणीने मध्यमतरंग प्रक्षेपणासाठी ही प्रणाली स्वीकारली.

असा साक्षीदार नसल्यास काम कठीण होते. एच. कार्ल व यू. हॉइटे (१९९४) यांनी नीच व उच्च पट्ट्यांच्या जोडनमुन्यांचे कोश वापरले, तर आखेन येथील पेटर याक्स व पेटर फारी (२००३) यांनी सांख्यिकीय प्रतिमाने. परंतु मॅटियास निल्सन, बास्टियान क्लाइन व सहकाऱ्यांनी दाखविले की, वाणीच्या दोन पट्ट्यांतील सामाईक माहिती थोडीच असते. त्यामुळे अंदाज चुकणारच. प्रश्न कोणत्या बाजूस चुकावे एवढाच. उच्च पट्टा वाजवीपेक्षा मोठा झाल्यास कर्कशपणा लगेच खुपतो, लहान राहिल्यास खपून जातो. म्हणून मोठ्या अंदाजास अधिक दंड लावण्याची युक्ती त्यांनी २००१ मध्ये सुचविली. ती साधी असली, तरी फार मोलाची आहे.

२०१७ पासून कृत्रिम तंत्रिका-जालकांनी या क्षेत्रात मुसंडी मारली आहे. त्यांचे फलित कानास बऱ्याचदा अस्सल वाटते, आणि धोका नेमका तेथेच आहे : अस्पष्ट व्यंजनाच्या जागी जालक निःशंकपणे ‘स’ बसवू शकते, जरी वक्त्याने ‘फ’ उच्चारला असला तरी. करमणुकीत हे चालते; न्यायालयीन पुराव्यात किंवा जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात चालत नाही. अशा ठिकाणी प्रक्रिया न केलेली प्रत वेगळी जपणे व पुनःस्थापित प्रतीवर तशी स्पष्ट नोंद करणे आवश्यक ठरते.