गाव बदलताना शाळा: सातारा-सांगलीचा इतिहास काय सांगतो?

एप्रिल-मे उजाडला की पालकांचे प्रश्न सुरू होतात. सर, बदली सांगलीला झाली, मुलाला कुठं घालू? गावातली उर्दू शाळा सातवीला संपते, पुढं साताऱ्यात मराठीला घालू की इंग्रजीला? उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा शिक्षक म्हणून हे प्रश्न माझ्याकडे हमखास येतात. पालक निकाल विचारतात, फी विचारतात, व्हॅन येते का ते विचारतात. एक प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात. नवीन आलेल्या मुलाला ही शाळा कसं वागवते? सातारा-सांगली भागाचा शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा असं वाटतं.

रामजी सकपाळ हे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. लष्करी शाळेत त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे शिक्षणाची किंमत त्यांना ठाऊक होती. महूहून हे कुटुंब कोकणात दापोलीला आलं आणि तिथून साताऱ्याला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचा धाकटा मुलगा साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये पहिली इंग्रजीच्या वर्गात दाखल झाला. ही शाळा म्हणजे राजवाड्यातलं आजचं प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरमध्ये नाव आहे ‘भिवा रामजी आंबेडकर’.

शाळा सरकारी होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्यानं मुंबई सरकारकडे अर्ज केला, पण तोही फेटाळला गेला. त्यावरून पुढे बराच पत्रव्यवहार झाला आणि १८५८ मध्ये सरकारनं जाहीर केलं, की पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. म्हणजे भीमराव साताऱ्याच्या शाळेत गेले तेव्हा कागदावरचा हक्क चाळीस वर्षांहून जुना झाला होता. रजिस्टरमध्ये नाव लागलं ते त्यामुळेच.

पण रजिस्टर आणि वर्ग यांत अंतर होतं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी ते स्वतः लिहिलं आहे. वर्गात त्यांना इतर मुलांमध्ये बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळं बसायचं, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर तहानेलं राहायचं.

या काळात वडील साताऱ्यात नव्हते. खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथं ते खजिनदार होते. आई वारलेली. मुलं आत्याच्या आणि शेजाऱ्यांच्या आधारानं साताऱ्यातच राहिली. बाप नोकरीच्या गावी आणि लेकरं शाळेच्या गावी, ही आजही घरोघरची गोष्ट आहे.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेलं. भीमराव आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले. शहर मोठं, शाळा नामांकित. तिथं वेगळीच अडचण उभी राहिली. त्यांना संस्कृत शिकायचं होतं, पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. मग त्यांनी फारसी घेतली. आपण उर्दूवाले हे वाचून सुखावतो, की एवढ्या मोठ्या माणसानं फारसी शिकली. पण ती त्यांची पहिली निवड नव्हती. एक दार बंद झालं म्हणून ते दुसऱ्या दारानं गेले. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. शाळेनं मुलासाठी कोणता विषय मोकळा ठेवला आणि कोणता अडवला, हेही प्रवेशाइतकंच महत्त्वाचं असतं.

हे वाचून दुसऱ्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे. त्याच आठवणींत दौलताबादच्या किल्ल्याचा प्रसंग आहे. १९३४ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सोबती तिथल्या टाक्यावर हातपाय धुवायला गेले, तेव्हा पाणी बाटवलं म्हणून ओरडणारे मुसलमान होते. इस्लाममध्ये अशा विटाळाला जागा नाही हे आपण अभिमानानं सांगतो. मग हा प्रसंगही आपण आपल्या मुलांना सांगितला पाहिजे.

याच भागातून या दुखण्यावर एक उत्तरही आलं. भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे दहिवडी, विटा अशा गावी त्यांचं शिक्षण झालं. पुढे ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये गेले आणि जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते हजर राहिले. परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून बोर्डिंगातून त्यांना बाहेर काढण्यात आलं. आपल्याच समाजाच्या छताखालून घालवलेला हा मुलगा. पुढे त्यानं उभं केलेलं छत सगळ्यांसाठी होतं.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगही सुरू केलं. त्याचं मोल मोठं आहे. खेड्यातलं मुसलमानाचं पोर शहरात शिकायला आलं तर राहणार कुठं, जेवणार काय, हा प्रश्न त्या बोर्डिंगानं सोडवला. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दुधगावला १९१० च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसोबत विद्यार्थी आश्रम काढला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. तिथं मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एकत्र राहत, हातानं स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. साताऱ्याच्याच एका वर्गात पंचवीस वर्षांपूर्वी एक मुलगा कोपऱ्यातल्या गोणपाटावर बसत होता, हे आठवलं की त्या पंगतीचा अर्थ कळतो.

आज स्थलांतराची रूपं बदलली आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले. त्यांची काही मुलं परमुलखात परक्या भाषेत शिकतात, काही आजी-आजोबांजवळ गावी राहतात. उलट मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास सांगली-साताऱ्याच्या फडांवर येतात आणि त्यांच्या मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. कायदा आज त्यांच्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला, एवढ्यावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांनी पाठ करून ठेवावं.

पण धारवाडपासून साताऱ्यापर्यंतचा इतिहास सांगतो, की कायदा मुलाला दारापर्यंत आणतो. आत काय होतं ते पालकांनी स्वतः जाऊन पाहावं लागतं. मधल्या सुट्टीत शाळेत जा. पोषण आहाराला मुलं मिसळून बसतात की गट पडलेत? मागच्या वर्षी बाहेरगावाहून आलेली मुलं कुठल्या बाकावर आहेत? शिक्षक मुलाचं नाव नीट उच्चारतात का? घरी दखनी बोलणारं पोर पहिल्या सहामाहीत मराठीत अडखळलं, तर त्याला कोण शिकवणार? शाळा कितवीपर्यंत आहे आणि त्यानंतर मुलगी कुठं जाणार?

माध्यमाचा वाद मी इथं सोडवणार नाही. उर्दू शाळेनं अनेक घरांतल्या मुलींना पहिल्यांदा शाळेचं दार दाखवलं, मराठी शाळेनं आपल्याला या मातीशी बांधलं. दोन्हींचं देणं आपल्यावर आहे. पण केवळ ‘आपली माणसं तिथं आहेत’ म्हणून किंवा केवळ ‘टाय-बूट आहे’ म्हणून शाळा निवडू नका. आणि निवडल्यावर मोकळे होऊ नका. पहिले सहा महिने मुलाला रोज विचारा, आज कुणाशेजारी बसलास?

७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणं होतात, हार घातले जातात. ज्या शाळेत मूल घालायचं आहे, तिथं हारांसोबत त्या गोणपाटाची गोष्टही मुलांना सांगितली जाते का, तेवढं जरूर विचारा.