जुलैचे बारा दिवस

आजच्या भागात आधी चार तारखा ऐका.

२५ जुलै २००५ : महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहण, कोंडीवते. २२ जुलै २०२१ : महाडचंच तळिये. १९ जुलै २०२३ : खालापूरची इर्शाळवाडी. आणि ज्या तारखेबद्दल आज सविस्तर बोलायचंय ती, ३० जुलै २०१४ : आंबेगाव तालुक्यातलं माळीण.

साल वेगळं, गाव वेगळं, पण चारही तारखा १९ ते ३० जुलैच्या आत. जेमतेम बारा दिवस. आता यावरून ऑगस्टमध्ये दरड येत नाही, असं कुणी समजू नका. येते. पण "दरड काय, कधीही कोसळते" असं आपण म्हणतो ना, ते अर्धंच खरं आहे.

का, ते बघू. आपला सह्याद्री म्हणजे खाली काळा कातळ आणि वर त्याचीच झिजून झालेली माती-मुरूम. जूनपासून ही माती पाणी पीत राहते. पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जातं आणि तिथे अडतं. जुलैच्या मध्यापर्यंत डोंगर पोटभर प्यायलेला असतो. मातीतल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. अशात दोन-तीन दिवस सलग मुसळधार पाऊस लागला की उतारावरचा अख्खा थर निसटतो. म्हणजे आजचा पाऊस जितका महत्त्वाचा, तितकाच गेल्या महिन्याभराचा.

माळीणमध्ये हेच झालं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतलं हे महादेव कोळी समाजाचं गाव. ३० जुलैच्या सकाळी वरचा डोंगर खाली आला आणि चाळीसहून जास्त घरं काही क्षणांत गाडली गेली. बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन आला, तर समोर गावच नाही, नुसता चिखल. एनडीआरएफचे जवान त्यानंतर आठवडाभर तो चिखल उपसत होते. १५१ माणसं गेली. डोंगरउतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाने धोका वाढला, असं तेव्हा बरंच बोललं गेलं. त्यावर वादही झाले. पण पाऊस आणि उतार ही दोन मुख्य कारणं कुणीच नाकारली नाहीत.

या भागाला घर सोडणं नवीन नाही, हेही लक्षात घ्या. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका आहे, ते मूळ गाव डिंभे धरणात बुडालंय. तालुक्याची कचेरी घोडेगावला, आणि गाव पाण्याखाली. त्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर, कारण बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. धरणासाठी गाव सोडणं दुःखाचंच होतं, पण पाणी कुठपर्यंत चढणार ती रेषा कागदावर आधीच काढलेली होती. माळीणच्या डोंगरावर अशी रेषा कुणी काढली नव्हती.

दुर्घटनेनंतर ती काढायला सुरुवात झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने पुणे जिल्ह्यातली डोंगराळ गावं तपासली आणि २३ गावं दरडप्रवण ठरवली. माळीणचं पुनर्वसन जवळच आमडे इथे झालं. २ एप्रिल २०१७ ला नव्या गावाचं लोकार्पण झालं, आणि त्याच जूनच्या पहिल्या जोरदार पावसात तिथले रस्ते खचले, भेगा पडल्या. जे लोक एकदा वाचले होते, त्यांनी तो पाऊस कसा काढला असेल, विचार करा.

आणि यादी म्हणजे कवच नव्हे. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे नंतर सरकारनेच सांगितलं. तिथे दरड आली ती रात्री, लोक घरात असताना. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत.

म्हणून कायमचं पुनर्वसन होईल तेव्हा होईल, पण तोपर्यंतच्या प्रत्येक जुलैचं काय, हा खरा प्रश्न आहे. तो फक्त आंबेगावचा नाही. पश्चिम जुन्नरलाही तोच कातळ, तोच पाऊस. माळशेज घाटात दरड पडल्याची बातमी आपण पावसाळ्यात ऐकतोच की!

मग लोक आधीच का निघत नाहीत? शहरात बसून हे विचारणं सोपं आहे. जुलै म्हणजे भाताच्या आवणीचा महिना. चार दिवस शेत सोडलं तर वर्षाचं भात जातं. गोठ्यात गुरं असतात, त्यांना सोडून कोण जाणार? आणि जायचं कुठे, तर शाळेच्या फरशीवर. एवढं करून दरड आलीच नाही, तर पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही हेच होतं. चार वेळा खोटा अलार्म वाजला की पाचव्याला कुणी उठत नाही. फरक इतकाच, की आमच्याकडे फार तर सर्व्हर बंद पडतो.

त्यात इशारा येतो तोही मोघम. "पुणे जिल्हा, रेड अलर्ट" यात बारामती पण आली आणि भीमाशंकर पण. आता हवामान खातं पुण्याच्या घाट विभागासाठी वेगळा इशारा देतं, हे चांगलंच आहे. पण आपल्या वाडीवर काल किती पडला, हे वाडीतच मोजावं लागतं.

केरळमधल्या वायनाडचं उदाहरण घ्या. तिथे ह्यूम सेंटर नावाची संस्था गावागावांतल्या सुमारे २०० पर्जन्यमापकांवर रोजचा पाऊस मोजते. २०२० मध्ये मुंडक्कई भागात आकडे वाढताना दिसले, संस्थेने सांगितलं, लोक हलवले गेले, मग दरड आली. माणसं वाचली. ३० जुलै २०२४ ला, माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, तिथेच महाभयंकर दरड कोसळली. संस्थेने आदल्या दिवशीही इशारा दिला होता. पण बहुतेक लोक घरातच राहिले आणि अडीचशेहून जास्त जीव गेले. मोजणारे तेच, डोंगर तोच. एकदा आकड्यावर हालचाल झाली, एकदा पुरेशी झाली नाही.

म्हणजे आकडा आला की काय करायचं, हे मे महिन्यातच ठरलेलं हवं. भर पावसात, अंधारात ग्रामसभा होत नाही.

काय ठरवायचं? पाऊस कोण मोजणार, ते. सरळ उभ्या भिंतीचा डबा आणि पट्टी असली तरी चालते. हवामान खात्यासारखी रोज सकाळी साडेआठला नोंद ठेवायची. सलग दोन दिवसांत किती पडला की निघायचं, तो आकडा तहसील आणि भूवैज्ञानिकांसोबत बसून ठरवायचा. प्रत्येक डोंगराचा आकडा वेगळा असतो, म्हणून जुन्या नोंदी जपायच्या. जायची जागा उताराखाली नको, वाट ओढा ओलांडणारी नको. गुरांना चारा-पाण्यासकट जागा हवी, नाहीतर माणसं हलणार नाहीत. म्हाताऱ्यांना कोण उचलणार, त्यांची नावं हवीत. आणि निघायचं ते दिवस मावळायच्या आत.

आकड्याआधी डोंगरानेच खूण दिली तर थांबायचं नाही. उतारावर नवी भेग, कललेले खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, घराची दारं अडकायला लागणं, यातलं काहीही दिसलं की निघायचं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, नाहीतर ११२.

यातलं सगळ्यात अवघड काम पैशाचं आहे. आवणीचे चार दिवस बुडाले तर त्याची भरपाई दरड न येताही मिळायला हवी. दरडीनंतर मदत जाहीर होते. पण वेळेवर घर सोडलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचं काय? ती देणं स्वस्त आहे.

तुमच्यापैकी कुणाचं गाव घाटाखाली किंवा डोंगराच्या पोटाला असेल, तर पुढच्या मे महिन्यात एवढंच विचारा : आपला आकडा किती, आणि निघायचं कुणी सांगायचं?

भेटू पुढच्या भागात.