पन्हळी पत्रा : तीन नावे आणि एक थर

घराच्या छपरावर घालावयाच्या धातूच्या पत्र्याला मराठीत तीन नावे रूढ आहेत. कोणी त्यास पन्हळी पत्रा म्हणतात, कोणी जस्ती पत्रा. विदर्भात टिनाचे छप्पर असा प्रयोग सर्रास ऐकू येतो. पहिले नाव आकारावरून पडले, दुसरे लेपावरून, आणि तिसरे अशा धातूवरून की जो या पत्र्यात मुळी नसतोच. या वस्तूचा इतिहास बहुधा पहिल्या नावाच्या अनुरोधाने, म्हणजे आकाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु पत्र्याची प्रत ज्या गोष्टीवर अवलंबून असते ती दुसऱ्या नावात आहे. या तिन्ही नावांची छाननी केली असता त्या वस्तूच्या घडणीचा क्रमही आपोआप उलगडतो.

प्रथम आकाराचा विचार करू. 'पन्हळ' हा शब्द संस्कृत 'प्रणाल' या शब्दापासून आलेला असून पाणी वाहून नेणारी नाली हा त्याचा मूळ अर्थ होय. लंडन येथील गोदी कंपनीचा अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये पन्हळी लोखंडाचे एकस्व मिळविले, आणि लौकरच त्याच गोदीत अशा पत्र्याचे छप्पर उभे राहिले. सपाट पातळ पत्रा स्वतःच्या भारानेही वाकतो. तोच खाचा असलेल्या रुळांतून काढला म्हणजे त्यातील धातू मध्यरेषेपासून वर व खाली विभागला जातो आणि वाकण्यास होणारा विरोध अनेक पटींनी वाढतो. भाराचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा, असे दोन्ही प्रश्न एकाच घडीने सुटले. गंजाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. उघडे लोखंड पावसात टिकत नाही, आणि रंगाचा हात वरचेवर द्यावा लागतो.

या प्रश्नाचे उत्तर जस्ताने दिले. परंतु त्यासाठी जस्त मुबलक मिळणे आवश्यक होते, आणि ते मिळविणे सोपे नव्हते. जस्ताच्या खनिजातून धातू मोकळा होण्यास जेवढी उष्णता लागते तेवढ्या उष्णतेत तो वायुरूप होऊन उडून जातो. कारण त्याचा उत्कलनबिंदू केवळ ९०७ अंश सेल्सिअस आहे. ही वाफ मुशीच्या खालच्या अंगास उतरवून थंड करण्याची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथातही अशा ऊर्ध्वपातनाचे वर्णन आहे. युरोपात विल्यम चॅम्पियन याने ब्रिस्टल येथे १७३८ मध्ये या कामाचे एकस्व घेतले. त्यानंतर चारच वर्षांनी, १७४२ मध्ये, मालुएं या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविल्यास त्यावर लेप बसतो असे दाखविले. तथापि या कृतीला धंद्याचे रूप आले ते १८३७ मध्ये, फ्रान्समध्ये सोरेल आणि इंग्लंडमध्ये क्रॉफर्ड यांनी घेतलेल्या एकस्वांमुळे.

ही कृती कल्हईवाल्याच्या कामाशी ताडून पाहण्यासारखी आहे. कल्हईवाला भांडे घासून तापवितो, नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवितो. कारखान्यातही लोखंडावरील गंज व पापुद्रा आम्लाने काढतात, नवसागर व जस्ताचा क्षार यांच्या मिश्रणाने पृष्ठभाग निर्मळ करतात आणि सुमारे ४५० अंश तापलेल्या जस्ताच्या हौदात पत्रा बुडवितात. तेथे जस्त लोखंडावर नुसते चिकटत नाही. दोहोंच्या सांध्यावर लोह-जस्ताच्या मिश्रधातूचे थर तयार होतात आणि त्यांवर शुद्ध जस्त बसते. पत्रा हौदात अधिक वेळ राहिला तर हे मिश्रधातूचे थर जाड व ठिसूळ होतात, आणि पुढे पत्रा वाकविताना लेप तडकतो. १९३० नंतरच्या दशकात सेंझिमिर याने पत्र्याची अखंड पट्टी हौदातून नेण्याची पद्धत प्रचारात आणली. अशा हौदात अत्यल्प ॲल्युमिनियम घातल्याने ठिसूळ थराची वाढ रोखली जाते, आणि लेप दिल्यानंतरही पत्र्याला तीव्र घड्या घालता येतात. कौलाच्या आकाराचे ठसे उमटविलेले पत्रे निर्दोष निघण्यास लेपाची हीच चिवटाई कारणीभूत असते.

आता नावांकडे पुन्हा वळू. 'गॅल्व्हनाइज' या शब्दावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गॅल्व्हानी हा विद्युत्प्रवाहाशी निगडित शास्त्रज्ञ. तेव्हा विजेचा उपयोग न करता केलेल्या लेपास त्याचे नाव का द्यावे? परंतु हे नाव लेपाच्या कृतीला नव्हे, तर त्याच्या वर्तनाला अनुलक्षून आहे. पत्र्यावर चरा पडून लोखंड उघडे झाले व तेथे ओल पोहोचली की जस्त व लोखंड यांचे विद्युत्-युग्म बनते. त्यात जस्त झिजते आणि लोखंड वाचते. हम्फ्री डेव्ही याने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याचे रक्षण करताना हेच तत्त्व योजिले होते. कथलाचे वर्तन याच्या नेमके उलट असते. कथलाच्या लेपास चरा पडला म्हणजे उघडे लोखंडच अधिक त्वरेने गंजते. यास्तव 'टिनाचे छप्पर' हे नाव केवळ ढिले नाही, ते पत्र्याचा गुणच उलटा सांगते.

मग पत्र्याची प्रत ओळखावी कशी? लेपावर दिसणारी चकचकीत फुले ही चांगल्या मालाची खूण मानण्याची रीत जुनी आहे. वस्तुतः ते जस्ताचे स्फटिक असून हौदातील शिशासारख्या धातूंवर आणि निवण्याच्या वेगावर त्यांचा आकार अवलंबून असतो. लेपाच्या जाडीचा त्यावरून बोध होत नाही. गेजच्या आकड्यानेही पत्र्याचीच जाडी कळते, आणि तो आकडा वाढला की जाडी घटते. खरा निर्णायक अंक म्हणजे दर चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून बसलेल्या जस्ताचे वजन. २७५ ग्रॅम असल्यास प्रत्येक बाजूस सुमारे २० मायक्रॉन थर मिळतो. १२० ग्रॅम असल्यास ८ मायक्रॉनांच्या आसपास. एकाच हवामानात लेपाचे आयुष्य स्थूलमानाने या जाडीच्या प्रमाणात असते. मात्र समुद्राची खारी हवा व कारखान्यांचा गंधकयुक्त धूर यांनी ते झपाट्याने घटते, आणि पत्रे ओले असताना एकावर एक रचून ठेवल्यास वापरापूर्वीच त्यांवर पांढरा गंज चढतो. १९७२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या लेपात ॲल्युमिनियम ५५ टक्के असून उरलेला बहुतेक भाग जस्ताचा असतो. त्यातील ॲल्युमिनियम झीज मंद करते, तर चऱ्यापाशी रक्षणाचे काम जस्तच करते.

अभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक सावधगिरी निष्पन्न होते. जुन्या कागदपत्रांत 'टिनाचे छप्पर' अशी नोंद आढळल्यास तीवरून कथलाच्या व्यापाराचा किंवा वापराचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. १८३७ नंतरच्या नोंदीत तो बहुधा जस्ती पत्रा असण्याचाच संभव अधिक. वस्तूचे नाव तिच्या सर्वांत ठळक दिसणाऱ्या अंगावरून पडते, किंवा दुसऱ्या वस्तूवरून उसने घेतले जाते. तिचा टिकाऊपणा मात्र पुष्कळदा न दिसणाऱ्या अंगात असतो. पत्र्याच्या बाबतीत ते अंग केसाहूनही पातळ आहे, आणि छपराखालच्या संसाराची सारी भिस्त त्याच्यावर आहे.