खुनी पुढच्या विमानाने

गुरुवारची रात्र, म्हणजे उद्या सुट्टी. साल १९९३. दुबईत करामातल्या एका इमारतीचा जिना चढता चढता तुमचा शर्ट पाठीला चिकटलाय. दार उघडताच खिडकीतल्या एसीची घरघर आणि फोडणीचा वास एकदमच अंगावर येतात. "या, या, तुमचीच वाट पाहत होतो." सोफ्यावर पाच जण, बाकी सगळे सतरंजीवर. कुणी कुणाचं नात्याचं नाही, तरी पोरांना सगळेच काका आणि मावशी.

खिशातला मोबाइल बाहेर काढू नका. इथे असला पडद्याचा फोन कुणी पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी सुरू झालेलं झी इथे दिसतं, दूरदर्शन मात्र दिसत नाही. आणि 'ब्योमकेश बक्शी' ही गुप्तहेराची मालिका लागते दूरदर्शनवर. म्हणून या घरच्या मावशींचा पुण्यातला भाऊ दर आठवड्याला ती टेप करतो. तीन तासांच्या कॅसेटमध्ये पाच-सहा भाग बसले, की सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून ती येते. विमानतळावर ती तपासणीसाठी ठेवून घेतात, हातात पावती देतात आणि काही दिवसांनी परत करतात. "खुनी कोण ते आधी त्या साहेबांना कळतं," मावशी म्हणतात.

आधी पोरांसाठी 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ चा हा सिनेमा सगळ्यांना पाठ आहे, पण सतरंजीवरच्या त्या चौघांकडे बघा. एका खोलीत सहा पलंग, त्यातल्या एकेका पलंगाचं भाडं भरणारे हे बॅचलर. घर शोधायला जावं तर दारावर पाटी: फक्त कुटुंबांसाठी. पडद्यावर सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे राहायला जागा मिळावी म्हणून साडी नेसतात, तेव्हा हे चौघं डोळे पुसत हसतात. पुण्यात हा सिनेमा विनोदी असेल, करामात तो जवळजवळ माहितीपट आहे.

जेवणं होईपर्यंत पलंगाखालची ट्रंक उघडून पाहा. विमानात वीस किलोची मर्यादा, त्यामुळे दर खेपेला 'श्रीमान योगी'सारखी जाडजूड कादंबरी की गोडा मसाला, हा वाद. जिंकतो मसालाच. बाबुराव अर्नाळकरांना ही अडचण नाही. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हँडबॅगच्या कप्प्यात मावतात. हजारांवर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाची तीस-चाळीस पुस्तकं तरी इथे असतील, हाताळून मऊ झालेली. एकावर कुणा चावट माणसानं तिसऱ्याच पानावर पेन्सिलीनं गुन्हेगाराचं नाव लिहून ठेवलंय. पुढे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी थेट दुबईत येईल, पुस्तकं घेऊन. आत्ता सांगितलंत तर हसतील.

दहा वाजता ब्योमकेश. काका व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवतात, खालचा मुंग्यांचा पट्टा हळूहळू सरकत जातो. जाहिरात आली तरी रिमोटला हात लावू नका, ओरडा खाल. निरमाची जाहिरातही इथे मन लावून पाहतात. ती गावाकडची खबर असते. मग धोतरातला रजित कपूर, शेजारी के. के. रैनांचा अजित. गाजर खाणारा गुप्तहेर करमचंद गमतीचा होता, पण बासू चटर्जींचा हा ब्योमकेश खरा घरातला. दोन मित्र, चहा, आणि आवाज न चढवता चाललेला विचार. उगाच दचकवणं नाही. मला विचाराल तर हिंदीत याच्या तोडीचा गुप्तहेर झालाच नाही.

सगळे संशयित एका खोलीत जमतात, ब्योमकेश बोलायला तोंड उघडतो आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुण्यात वीज गेली असणार.

खोलीत कल्लोळ. एक म्हणतो डॉक्टर, दुसरा म्हणतो पुतण्या. पुण्याला फोन लावावा तर मिनिटामिनिटाचे दिरहम, आणि ते आईच्या तब्येतीसाठी राखून ठेवलेले. कोपऱ्यातले एक गृहस्थ परवाच सुट्टीवरून आलेत, त्यांनी तो भाग तिकडे पाहिलाय. सगळ्यांनी त्यांना दम भरलाय: तोंड उघडलंत तर पुढच्या गुरुवारी जेवण बंद. उरलेला भाग आता दुसऱ्या कुणाच्या टेपवरून, पुढच्या महिन्यात, कुणाच्या तरी बॅगेतून.

तुम्हाला उत्तर माहीत आहे. खिशातल्या त्या मोबाइलवर सगळे भाग आहेत. श्रीखंडाची वाटी पुढे करत मावशी विचारतात, "तुमचा कुणावर संशय?"

नोकराचं नाव सांगून मोकळे व्हा.