परळच्या सांच्यापासून फ्लॅश मेमरीपर्यंत : यंत्रस्मृतीच्या मांडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

परळ, लालबाग, शिवडी हा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जातो. या भागाचा इतिहास प्रामुख्याने कामगार चळवळ, संप आणि जमिनीचा प्रश्न या अंगांनी लिहिला गेला आहे. गिरण्यांतील यंत्रांचा तांत्रिक इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. वस्तुतः वीज गेली किंवा यंत्र थांबले तरी त्याने आपले काम कोठवर आले हे कसे लक्षात ठेवावे, हा आजच्या एम्बेडेड यंत्रांपुढील प्रश्न गिरणीच्या सांचेखात्यातही होता. एम्बेडेड यंत्रे म्हणजे एकाच ठरावीक कामासाठी मोठ्या साधनाच्या पोटात बसविलेले लहान संगणक. विजेचा मीटर, तिकिटाचे यंत्र, रुग्णालयातील मॉनिटर ही त्यांची उदाहरणे होत. अशा यंत्रांतील फ्लॅश मेमरीवर फाइल व्यवस्था कशी मांडावी, या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. सांचेखात्यातील स्मृती

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे काढलेल्या कापड गिरणीचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात परळ व आसपासच्या भागात गिरण्यांची दाट वस्ती झाली. नक्षीचे कापड विणणाऱ्या सांच्यांवर डॉबी किंवा जकार्ड ही जोडयंत्रे बसविली जात. डॉबीत लाकडी पट्ट्यांची साखळी असे आणि पट्टीवरील खुंट्यांच्या जागेवरून ताण्याचे कोणते धागे वर उचलावयाचे हे ठरे. जोसेफ मारी जकार याने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या यंत्रात हेच काम छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे करीत. खुंटी आहे किंवा नाही, छिद्र आहे किंवा नाही, अशा दोनच अवस्थांत नक्षीची संपूर्ण माहिती साठविली जाई. वाफ किंवा वीज बंद झाली तरी ही माहिती पुसली जात नसे.

मात्र माहिती टिकणे आणि काम सुसंगत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाण्याचा धागा तुटून सांचा थांबला, तर विणकराला अर्धवट पडलेला धागा काढून डॉबीची साखळी मागे फिरवावी लागे आणि कापड व साखळी एकाच ओळीवर आणूनच सांचा पुन्हा चालू करावा लागे. ही जुळणी चुकली तर कापडात दोष राही. खराब कापडाबद्दल मजुरीतून होणारी कपात ही तर मुंबईच्या गिरणी कामगारांची जुनी तक्रार होती. म्हणजे यंत्राच्या स्मृतीतील विसंगतीची किंमत अखेरीस विणकराच्या खिशातून वसूल होई.

२. फ्लॅश मेमरीचा उदय

वीज गेल्यावरही माहिती राखणारी अर्धवाहक स्मृती १९७० च्या दशकात आकारास आली. इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये सादर केलेली ईप्रॉम चिप पुसण्यासाठी अतिनील किरणांखाली धरावी लागे. पुढे विजेने पुसता येणारी ईईप्रॉम आली, परंतु ती महाग होती. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी संपूर्ण गट एकदम पुसण्याची कल्पना मांडून १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली आणि १९८७ मध्ये तिचा नॅन्ड हा प्रकार सादर केला. इंटेलने १९८८ मध्ये नॉर प्रकारची फ्लॅश बाजारात आणली.

या स्मृतीचा स्वभाव चुंबकीय तबकडीहून भिन्न आहे. तबकडीवर जुन्या मजकुराच्या जागीच नवा मजकूर लिहिता येतो. फ्लॅशमध्ये लिहिलेली जागा आधी पुसावी लागते, आणि पुसण्याचे एकक लिहिण्याच्या एककापेक्षा बरेच मोठे असते. एका सर्वसाधारण नॅन्ड चिपमध्ये २ किलोबाइटचे पान लिहिता येते, पण पुसताना १२८ किलोबाइटचा पूर्ण गट पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक गट मर्यादित वेळाच पुसता येतो. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या चिपमध्ये ही मर्यादा सुमारे १,००,००० असते. एका पेशीत अधिक बिट ठेवणाऱ्या चिपांत ती काही हजारांपर्यंत खाली येते.

या मर्यादेचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. एखादे यंत्र दर मिनिटाला एक नोंद बदलते आणि त्यासाठी दर वेळी तोच गट पुसते असे मानले, तर १,००,००० वेळांची मर्यादा सुमारे ६९ दिवसांत संपेल. हाच भार १०० गटांवर समान वाटला, तर तीच चिप सुमारे १९ वर्षे टिकेल. नोंदींची संख्या व चिप दोन्ही तीच असून हा फरक केवळ मांडणीमुळे पडतो.

३. नोंदवहीच्या तत्त्वाची फाइल व्यवस्था

तबकडीसाठी घडविलेल्या फॅटसारख्या व्यवस्थेत फाइलींची सूची ठरावीक जागी असते व ती वारंवार बदलली जाते. थेट फ्लॅशवर वापरल्यास सूचीचे गट लवकर झिजतात, आणि सूची बदलत असतानाच वीज गेली तर फाइलींची संगती तुटते. यावरील उपायाचे बीज मेंडेल रोझेनब्लम व जॉन औस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या नोंदवहीवजा फाइल व्यवस्थेत सापडते. जुन्या नोंदीला हात न लावता नवी नोंद पुढे लिहावयाची, आणि कालबाह्य नोंदींनी भरलेली जागा सवडीने मोकळी करावयाची, असे तिचे तत्त्व होते. दुकानदाराच्या रोजकीर्दीत खाडाखोड न करता दुरुस्तीची नवी नोंद केली जाते, त्याच्याशी याचे साम्य आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर शेवटची अपुरी नोंद सोडून दिली जाते आणि तिच्या आधीची पूर्ण नोंद ग्राह्य धरली जाते.

स्वीडनमधील अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्सने १९९९ मध्ये लिनक्ससाठी जेएफएफएस ही व्यवस्था खुली केली. डेव्हिड वुडहाउस यांनी २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती जेएफएफएस-२ सिद्ध केली. तीत मजकूर आकुंचित करून साठविण्याची सोय होती. चार्ल्स मॅनिंग यांची यॅफ्स ही नॅन्डसाठी रचलेली व्यवस्था २००२ मध्ये आली. जेएफएफएस-२ ला यंत्र सुरू होताना स्मृती चाळून पाहावी लागे, त्यामुळे चिपचा आकार वाढला तशी तिची गती अपुरी पडू लागली. नोकियाच्या अभियंत्यांनी सेगेद विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केलेली यूबीआयएफएस २००८ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झाली. तिने सूची फ्लॅशवरच ठेवून ही अडचण दूर केली.

४. मांडणीतील निर्णय

या इतिहासातून अभियंत्याच्या हाती आलेले निर्णय पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला निर्णय विभागणीचा. यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम, लिनक्सचा गाभा, स्थायी प्रोग्रॅम आणि बदलती माहिती यांना स्वतंत्र विभाग द्यावे लागतात. दुसरा, जे बदलावयाचे नाही ते स्क्वॉशएफएससारख्या केवळ वाचनीय व्यवस्थेत ठेवून लिहिण्याजोगा विभाग मर्यादित राखणे. तिसरा, फाइल व्यवस्थेची प्रतिमा तयार करताना पान व गट यांचे आकार प्रत्यक्ष चिपशी जुळविणे. ते न जुळल्यास यंत्र सुरूच न होण्याची शक्यता असते. चौथा, कालबाह्य जागा मोकळी करण्यासाठी काही गट नेहमी रिकामे राखणे. पाचवा, तात्पुरत्या फाइली फ्लॅशवर न ठेवता चालू स्मृतीत ठेवणे. सहावा, यूबीआयएफएस मजकूर काही काळ चालू स्मृतीत रोखून नंतर फ्लॅशवर उतरविते, म्हणून महत्त्वाची नोंद तत्काळ फ्लॅशवर उतरविण्याची आज्ञा प्रोग्रॅममध्ये स्पष्टपणे देणे.

५. भारतीय संदर्भ

बंगळूर येथे कल्पिलेला सिम्प्युटर हा लिनक्सवर चालणारा हातातील संगणक २००४ मध्ये बाजारात आला. तबकडीऐवजी फ्लॅशवर विसंबणारे ते आरंभीचे भारतीय उदाहरण होय. मुंबईच्या आयआयटीने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने हाती घेतलेल्या प्रकल्पातील आकाश-२ ही टॅब्लेट ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सादर झाली. तोपर्यंत झीज वाटून देण्याचे काम चिपसोबतचा नियंत्रक करू लागला होता. अँड्रॉइडनेही २०१० च्या सुमारास यॅफ्सकडून ईएक्सटी-४ कडे वळण घेतले. यामुळे काम सोपे झाले खरे, परंतु निर्णय अभियंत्याच्या दृष्टीआड गेला आणि चिप बनविणाऱ्याच्या हाती एकवटला.

समारोप

लोअर परळमधील फिनिक्स व कमला या गिरण्यांच्या आवारांत आज व्यापारी संकुले व कार्यालये आहेत. १९२६ साली सुरू झालेले केईएम आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय याच परिसरात आहेत. आधुनिक रुग्णालयांतील कितीतरी साधनांच्या पोटात लहान संगणक असतो. अशा साधनाची नोंद वीज गेल्यावर विसंगत झाली, तर तिची झळ रुग्णाला बसते.

नोंद टिकण्याचे मोल या परिसराने दुसऱ्या प्रकारेही अनुभवले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, तेव्हा अर्जदार १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता हे कागदपत्रांनी सिद्ध होणे आवश्यक होते. प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचा हक्क असा एका जुन्या नोंदीवर येऊन ठेपला. नोंद कोठे ठेवावी, ती किती काळ टिकावी आणि ती तुटल्यास नुकसान कोणी सोसावे, हे प्रश्न म्हणूनच केवळ अभियांत्रिकीचे मानता येत नाहीत. सांचेखात्यात चुकीची किंमत विणकराने मोजली. आजच्या यंत्रांत ती वापरणाऱ्याला मोजावी लागू नये, हे पाहण्याची जबाबदारी मांडणी करणाऱ्यावर येते. तंत्रविद्येच्या अभ्यासक्रमात फाइल व्यवस्थेच्या मांडणीबरोबर तिचा हा सामाजिक इतिहासही शिकविला जाणे उचित ठरेल.